हायवे 61 वरची शनिवार रात्र: हेलेना, क्लार्क्सडेल आणि थोडं पुढे

ब्लूज म्हणजे रडगाणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मिसिसिपी डेल्टात, म्हणजे मिसिसिपी राज्यातल्या नदीकाठच्या कापसाच्या पट्ट्यात, शनिवारी रात्री दहानंतर कुठल्यातरी ज्यूक जॉइंटमध्ये (दारू, गाणं आणि नाच असलेला साधा अड्डा) जाऊन उभं राहावं. आठवडाभर शेतात राबलेल्या काळ्या माणसांना शनिवारी नाचवायला केलेलं हे म्युझिक आहे, दुःख आहे त्यात, पण ते कमरेत आहे, डोळ्यात नाही. हे माझं मत ऐकून ऐकून बायको कंटाळली होती आणि शेवटी "चल, दाखव एकदाचं काय ते" म्हणाली, म्हणून डल्लासहून गाडी काढली.

ब्लूजचं वेड मला लागलं ते मुंबईत. 2011 साली बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिवल पहिल्यांदा झाला तेव्हा पुण्याहून मित्रांबरोबर गेलो होतो, शिकागोचा ब्लूज गिटारवाला बडी गाय होता. तोपर्यंत ब्लूज म्हणजे माझ्यासाठी रॉकवाल्यांचे आजोबा, एवढंच. बडी गाय गाणं अर्ध्यात तोडतो, पब्लिकशी गप्पा मारतो, आवाज इतका खाली आणतो की बारमधला बर्फ ऐकू येईल, आणि मग एकदम फोडतो. त्याच शोला शिलाँगचा सोलमेट बँडही होता आणि त्यांची गायिका तिप्रीती, तिचा आवाज ऐकून आमच्यातला एकजण पुढचे कित्येक महिने दुसरं काही बोलतच नव्हता. असो.

तर डल्लासहून लिटल रॉक, पुढे ब्रिंकलीला हायवे 49 पकडायचा आणि नदीकाठचं हेलेना, आर्कान्सातलं. बहुतेक लोक मेम्फिसहून खाली येतात, बील स्ट्रीट बघून वगैरे. मला हेलेनामार्गेच जायचं होतं कारण इथल्या केएफएफए रेडिओवर 1941 च्या नोव्हेंबरात किंग बिस्किट टाइम नावाचा कार्यक्रम सुरू झाला. दुपारी सव्वाबाराला, म्हणजे शेतावरच्या जेवणाच्या सुट्टीत. हार्मोनिकावाला सनी बॉय विल्यमसन (दुसरा, खरं नाव वेगळंच, पहिला हयात असताना यानं त्याचं नाव उचललं, कमाल माणूस) आणि गिटारवाला रॉबर्ट लॉकवूड लाइव्ह वाजवायचे आणि मधेमधे पिठाची जाहिरात करायचे. पीठ इतकं खपलं की कंपनीनं सनी बॉयच्या नावानं मक्याचं पीठ काढलं, पिशवीवर त्याचं चित्र! मडी वॉटर्स, बी. बी. किंग, पुढे ब्लूजचे बादशहा झालेले सगळे हे ऐकायचे. आता गावाच्या मेन रोडवर अर्धी दुकानं बंद आहेत. ऑक्टोबरात फेस्टिवल असतो तेव्हा म्हणे पाय ठेवायला जागा नसते.

मिसिसिपी नदीचा पूल ओलांडला की जमीन एकदम सपाट होते, म्हणजे इतकी सपाट की समोरून येणारा ट्रक येतोय की उभाय ते कळत नाही. नदीच्या पुरानं आणलेली काळी माती, कापूस, सोयाबीन, आणि मधेच मांगूरसारख्या कॅटफिश माशांची तळी. विदर्भात काळ्या मातीत वाढलेल्या बायकोनं पहिल्यांदाच खिडकीची काच खाली केली आणि "कापूस उशिरा लावलाय यांनी" असा शेरा मारला.

क्लार्क्सडेलमध्ये 61 आणि 49 जिथे भेटतात तिथे खांबावर निळ्या गिटारी लावल्यात, सगळे तिथे फोटो काढतात, आम्हीही काढला. रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गिटारवाल्यानं म्हणे याच चौकात मध्यरात्री सैतानाला आत्मा विकला आणि गिटार शिकला. पहिली गोष्ट, ही कथा आधी टॉमी जॉन्सनबद्दल सांगितली जायची, तो वेगळा जॉन्सन, नातं नाही. दुसरं म्हणजे रॉबर्ट जॉन्सनला आइक झिमरमन नावाचा गुरू होता, हे दोघं रात्री कबरस्तानात जाऊन वाजवत बसायचे कारण तिथे कुणी तक्रार करत नाही! एवढा रियाज केला आणि क्रेडिट सैतानाला, हे मला कधीच पटलेलं नाही. काळ्या माणसाला कष्टानं काही आलं हे मान्य करण्यापेक्षा सैतान सोपा पडतो बहुतेक. 1938 साली सत्ताविसाव्या वर्षी गेला बिचारा, मागे 29 गाणी, आणि कबरीचे दगड तीन ठिकाणी.

डेल्टा ब्लूज म्युझियम जुन्या रेल्वेच्या मालधक्क्यात आहे. आत मडी वॉटर्स राहायचा ती लाकडी खोली उचलून आणून ठेवलीये. 1941 च्या ऑगस्टमध्ये अॅलन लोमॅक्स आणि जॉन वर्क हे लोकगीतं गोळा करणारे दोघं रेकॉर्डिंगचं सामान घेऊन स्टोव्हॉलच्या शेतावर याच्या दारात आले होते, तेव्हा हा ट्रॅक्टर चालवायचा. दोन वर्षांनी त्यानं ताशी साडेबावीस सेंटचे पंचवीस मागितले, मुकादमानं नाही म्हटलं, यानं शिकागोची ट्रेन पकडली. अडीच सेंटसाठी! पुढे शिकागोत इलेक्ट्रिक गिटार घेऊन यानं जे केलं त्यातून निम्मं रॉक म्युझिक निघालं.

गावाबाहेर हॉपसनचं शेत आहे. 1944 च्या ऑक्टोबरात तिथे कापूस वेचायच्या मशीनचं मोठं प्रात्यक्षिक झालं, एक मशीन म्हणजे पन्नास माणसांचं काम. हातानं एक गाठ वेचायचा खर्च 39 डॉलर 41 सेंट, मशीननं 5 डॉलर 26. झालं, पुढच्या पंचवीस वर्षांत माणसं शिकागो, डेट्रॉइट, सेंट लुईसला गेली. आता तिथे मजुरांच्या झोपड्यांमध्ये टुरिस्टना राहता येतं, एसी वगैरे सकट, बुकिंग मिळणं मुश्किल असतं. मला जमलं नाही ते. कुणाला आवडत असेल तर राहा बाबा, पण कुळांच्या खोपटात एसी लावून बिअर पीत बसायचं हे डोक्यात बसेना. आम्ही हायवेवरच्या मोटेलमध्ये राहिलो, मालक अर्थातच गुजराती. काकांनी हिंदीत विचारलं, "इधर क्या देखने आए?" ब्लूज म्हटल्यावर म्हणाले, सगळे गोरे पण तेच सांगतात.

आता रेड्स, क्लार्क्सडेलचा ज्यूक जॉइंट. सनफ्लॉवर अॅव्हेन्यूवरचं हे ठिकाण बाहेरून बघितलं तर बंद पडलेलं गोडाऊन वाटतं. रेड पेडन नावाच्या माणसानं वर्षानुवर्षं चालवलं, 2023 च्या शेवटी तो गेला, घरच्यांनी जॉइंट चालू ठेवलाय. छत खाली, लाल दिवे, आणि स्टेज नाहीच. जमिनीवर एक सतरंजीवजा कार्पेट, त्यावर ड्रम, दोन अँप आणि एक प्लास्टिकची बादली टिपसाठी. पहिल्या रांगेतल्या माणसाचे पाय गिटारवाल्याच्या पेडलला लागतात.

सुरुवातीला आम्ही सगळे बाहेरचेच होतो. एक डच जोडपं, टेक्सासचे चारपाच म्हातारे, एक जपानी मुलगा जो वहीत काहीतरी लिहीत होता. सगळे शहाण्यासारखे बसलेले, गाणं संपलं की टाळ्या, मोबाइल वर. गाणारे काका सत्तरीचे, वाजवत होते छान पण घड्याळ बघून वाजवल्यासारखं. बायकोनं कानात विचारलं, "हे सगळे एकाच चालीत का गातात रे?" म्हटलं, ओळ एकदा म्हणायची, तीच परत म्हणायची, तिसरी ओळ उत्तर, बारा मात्रांच्या नाही पण बारा बारच्या (बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन) घरात बसवायची, ढाचा तोच, मजा आत.

दहा साडेदहाला गावातली मंडळी यायला लागली. एक बाई, साठीच्या, सोनेरी ब्लाउज, दार उघडून आत येता येताच काकांना ओरडून काहीतरी बोलल्या आणि काका हसले, पहिल्यांदाच. बाईंनी खुर्ची ओढून भिंतीला लावली कारण त्यांना नाचायला जागा पाहिजे होती. मग काकांनी एक संथ गाणं धरलं. पहिली ओळ टाकली, बाई म्हणाल्या, "वेल!" दुसऱ्यांदा तीच ओळ, बाई म्हणाल्या, "टेक युअर टाइम." आणि काकांनी खरंच घेतला की हो वेळ! तिसरी ओळ आलीच नाही. एकाच सुरावर स्लाइड (बोटात घालायची नळी) घासत थांबले, बारा बारचं घर केव्हाच मोडलं, तेरा झाले, चौदा झाले, बेसवाला पोरगा काकांच्या टाचेकडे डोळे लावून बसलेला, टाच उचलली की कॉर्ड बदलायची. ड्रमर नुसता कडेवर टिकटिक करतोय. टाच काही उचलेना. बाईंनी दोन्ही हात वर करून "कम ऑन नाऊ" म्हटलं आणि टाच खाली आपटली, तिघं एकदम पडले त्या कॉर्डवर, आणि ती तिसरी ओळ आली, अर्थ काय तर बायको सोडून गेली पण कुत्रा घेऊन गेली. अख्खी खोली हसली, आणि नाचायला लागली. बादलीत नोटा पडायला लागल्या, त्याही नुसत्या टाकायच्या नाहीत, नाचत जाऊन, बघा बरं का मी टाकतोय असं दाखवून. तमाशाच्या फडातल्या दौलतजाद्याची आठवण झाली मला, तोच माज, तोच प्रेमळपणा.

सांगायचा मुद्दा असा की काका तेच, गिटार तीच, पण नऊ वाजताचा शो आणि अकराचा शो यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. आमच्यासारख्या फॅन लोकांना प्रत्येक रेकॉर्डिंगचं साल पाठ असतं पण मधेच "वेल" म्हणायची हिंमत होत नाही. आमच्या तिकिटावर ही जागा चालते हे खरंच, आम्ही नसतो तर ती कधीच बंद पडली असती, पण गाणं चालतं ते त्या बाईंवर. आणि अशी उत्तर देणारी माणसं इथून किती निघून गेली ते दिवसभर बघत आलो होतो.

(मॉर्गन फ्रीमनचा ग्राउंड झीरो क्लबही जवळच आहे. साउंड चांगला, जेवण चांगलं, भिंतीवर सगळ्यांनी मार्करनं नावं लिहिलीत. जा, वाईट नाही.)

दुसऱ्या दिवशी 49 नं खाली. टटवायलरच्या स्टेशनात 1903 च्या सुमारास डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकारानं, ज्याला पुढे ब्लूजचा जनक म्हणायला लागले, एका फाटक्या माणसाला सुरी घासून गिटार वाजवताना ऐकलं, ते स्टेशन आता नाही, भिंतीवर चित्रं आहेत. गावाबाहेर सनी बॉयची कबर, त्यावर लोक हार्मोनिका ठेवून जातात, पावसानं गंजलेल्या. तिथून थोड्याच अंतरावर समनर. इथल्या कोर्टात 1955 च्या सप्टेंबरात एमेट टिल या काळ्या पोराच्या गोऱ्या खुन्यांना जेमतेम तासाभरात निर्दोष सोडलं होतं. पोरगा चौदा वर्षांचा, शिकागोचा. आईचा जन्म इथलाच, शेजारच्या वेबचा, लहानपणीच तिला घेऊन घरचे उत्तरेला गेले, आणि पोरगा सुट्टीत नातेवाइकांकडे आला होता. मडी वॉटर्स ज्या रेल्वेनं गेला त्याच रेल्वेनं हा आला. आदल्या रात्रीचं बेसलाइन डोक्यात चालूच होतं माझ्या, कोर्टासमोर गाडी लावली तेव्हा बंद झालं. बायको बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "तू म्हणतोस कमरेत असतं, पण हे लोक गाणार कसं होते नाहीतर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाहीये.

इंडियानोलाला बी. बी. किंगचं म्युझियम केलंय, तो काम करायचा त्याच कापसाच्या जिनच्या आवारात, आणि 2015 मध्ये गेल्यापासून तोही तिथेच आहे. दोन तास तरी हाताशी ठेवा, त्याची टूरवरची बस, ल्युसिल नावाच्या त्याच्या गिटारी, सगळं आहे.

जाणार असाल तर शुक्रवार ते रविवारच जा, मधल्या वारी बहुतेक ठिकाणी कुलूप असतं. कॅश ठेवा, बादलीसाठी सुटे ठेवा. टमाली खा, मक्याच्या पिठाच्या, मक्याच्याच पानात गुंडाळलेल्या, झणझणीत असतात, बायकोनं सहा खाल्ल्या आणि वर सहा बांधून घेतल्या. एप्रिलमध्ये ज्यूक जॉइंट फेस्टिवल असतो तेव्हा गाव भरतं म्हणे, आम्ही येत्या जानेवारीत मात्र शिकागोला जायचं बघतोय, बडी गाय स्वतःच्या क्लबात महिनाभर वाजवतो तेव्हा, 1936 चा जन्म आहे त्याचा, त्यामुळे यंदा नको पुढच्या वर्षी असलं काही आता करायचं नाही असं ठरलंय. तिकिटं मी बघायची, विमानाचं ती बघतेय.