पावणेचारची दिवेलागण

बहिणीच्या घरात पाऊल टाकल्यावर मी पहिली चूक केली ती दिवा लावण्याची. बाहेर काळोख, घरात कोपऱ्याकोपऱ्यात मिणमिणते दिवे आणि दोन विमानं, एक ट्रेन करून आंबून गेलेली मी. सवयीनं हात दाराशेजारच्या बटणाकडे गेला. छतावरचा दिवा लख्ख पेटला आणि आठ वर्षांची भाची डोळ्यांवर हात धरून ओरडली, "मावशी, बंद कर ना! हॉस्पिटल झालं!"

पुण्यात आमच्याकडे नेमकं उलटं. तिन्हीसांजेला दोन मिनिटं जरी उजेड नसला तरी आई आतून विचारते, "अंधारात काय बसलीयेस, सुतक आहे का?" मी मुकाट्यानं बटण बंद केलं आणि चाचपडत सोफा शोधला.

हे ऑरहूस. डेन्मार्कमधलं कोपनहेगनच्या खालोखालचं मोठं शहर, जटलंड द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर. कोपनहेगन विमानतळावरून ट्रेननं साडेतीन तासांच्या आसपास लागतात. वाटेत ग्रेट बेल्टची सामुद्रधुनी लागते. 1997 मध्ये तिथे बोगदा आणि पूल होईपर्यंत अख्खी ट्रेन बोटीवर चढवायचे म्हणे. मी मोठ्या उत्सुकतेनं खिडकीला नाक लावून बसले होते. दिसलं काय, तर काचेतलं माझंच नाक. संध्याकाळचे साडेचार वाजले होते आणि समुद्र केव्हाच काळोखात गेला होता.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात इथे पावणेनऊला उजाडतं आणि पावणेचारला मावळतं. भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून दहा-अकरा अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे चढायचाच नाही, नुसतं कुंपणावरून डोकावून जायचं. तेही ढग नसले तर. मी बारा दिवस होते, त्यात तो मला तीनदा दिसला. बर्फाची हौस होती, तीही फिटली नाही. पुण्यातल्या जुलैसारखी भुरभुर, फक्त हाडात शिरणारी.

अशा हवेत माणसं समाधानी कशी राहतात, याचं उत्तर म्हणून जगाला 'ह्यूग' हा डॅनिश शब्द ठाऊक झालाय, म्हणजे आपल्या माणसांत निवांत, ऊबदार बसणं. उच्चार भाचीनं शिकवला: ओठ 'ऊ'चे करायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. मला काही जमला नाही. 2016 च्या सुमारास इंग्लंडात या शब्दाच्या पुस्तकांची लाट आली, मग दुकानांत लोकरी पांघरुणं, सुगंधी मेणबत्त्या, पायमोजे, सगळ्यावर हा शिक्का बसला. मीही तसलंच काहीतरी डोक्यात घेऊन गेले होते. बहिणीनं पहिल्याच दिवशी हवा काढली. "ताई, इथे ते क्रियापद आहे. मिळत नाही, करावं लागतं. निरोप घेतानासुद्धा 'ह्यूग दाय' म्हणतात, म्हणजे छान मजेत बस."

तिच्या घरात ते करण्याचं सगळ्यात ठळक साधन म्हणजे जेवणाच्या टेबलावर टांगलेला दिवा. जुन्या बाजारातून घेतलेला, कडेला पोचा आलेला, तरी तिच्या मते घरातली सगळ्यात महागडी वस्तू. पॉल हेनिंगसन या वास्तुरचनाकाराचा 1958 चा नमुना, पीएच 5. पाच कशासाठी, तर व्यास पन्नास सेंटीमीटर म्हणून. हेनिंगसनचा जन्म 1894 चा, बालपण रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात गेलेलं. पुढे विजेचे बल्ब आले तेव्हा त्याला त्यांची तिरीप सोसेना. आयुष्यभर तो एकच गोष्ट करत राहिला: बल्ब डोळ्यांना दिसू द्यायचा नाही आणि उजेड मात्र वाया घालवायचा नाही. थाळ्यांसारखी एकाखाली एक झाकणं, त्यांच्या वळणावरून उजेड घरंगळत टेबलावर येतो. दिवा इतका खाली टांगतात की समोरच्याचा चेहरा जेमतेम त्याच्याखालून दिसावा. ताट उचलायला वाकले आणि टण्णकन आदळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पण तिसऱ्या संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली. उजेड टेबलापुरताच असल्यामुळे कोणी उठून जातच नव्हतं. जेवण होऊन तास झाला तरी चौघंही त्या वर्तुळात कोपरं टेकून बसलेले.

दुसरं साधन खिडकीत होतं: कॅलेंडर-मेणबत्ती. एक उंच मेणबत्ती, तिच्यावर वरपासून खालपर्यंत 1 ते 24 आकडे. रोज एकच आकडा जळू द्यायचा आणि फुंकर मारायची. चोवीस तारखेला मेणबत्ती संपली की नाताळ. ही जबाबदारी भाचीची होती आणि ती ती फौजदाराच्या करड्या नजरेनं सांभाळत होती. मेणबत्तीला डॅनिशमध्ये जे म्हणतात त्याचा अर्थ 'जिवंत उजेड'. धुराचे बारीक कण घरात साचतात हे त्यांनाही ठाऊक आहे, म्हणून थोड्या थोड्या वेळानं खिडक्या सताड उघडतात. मग मी कुडकुडत स्वेटरवर शाल घेते.

पण खरं सांगू का, या मेणबत्त्यांवर जगानं फार भरवसा ठेवलाय. घर गरम होतं ते भिंतीतल्या नळीतून येणाऱ्या पाण्यानं. देशातल्या साधारण दोन-तृतीयांश घरांना असं मध्यवर्ती ठिकाणी तापवलेलं पाणी येतं. 1973 च्या तेलटंचाईनं त्यांना असा दणका दिला की रविवारी मोटारी चालवायलाही बंदी होती. मग 1979 मध्ये उष्णतेच्या पुरवठ्याचा स्वतंत्र कायदाच केला. शिवाय आठवड्याचे ठरलेले कामाचे तास सदतीस. बहीण चारला घरात असते. माझ्या बँकेत मी सव्वासातला निघाले तर शेजारचा विचारतो, "आज हाफ डे का?" ही नळी आणि हे चार वाजणं वजा केलं, तर कितीही मेणबत्त्या लावा.

आणि माणसं. आपल्यासारखं "जाता जाता डोकावले" इथे चालत नाही. बहीण सांगत होती, "पहिल्या हिवाळ्यात मी मेणबत्त्या लावून एकटीच बसायचे. ह्यूग कसलं, वीज गेल्यासारखं वाटायचं." त्यांचं वर्तुळ ऊबदार असतं, पण आधीच भरलेलं असतं. शेजारच्या आजींनी तिला आत घेतलं, त्यालाही दीड वर्ष लागलं. आता तेरा डिसेंबरच्या बैठकीसाठी तिनं आजींना वीस नोव्हेंबरलाच आमंत्रण दिलं होतं.

तेरा डिसेंबर म्हणजे सांता लुसिया या ख्रिस्ती संत स्त्रीचा दिवस. सकाळी शाळेतले दिवे मालवले आणि पांढरे झगे घातलेल्या मुलांची रांग हातात मेणबत्त्या घेऊन गात गात आली. पुढच्या मुलीच्या डोक्यावर दिव्यांचा मुकुट. भाची नवव्या नंबरवर, मेण हातावर ओघळेल या धास्तीत गाणं विसरलेली. ही प्रथा स्वीडनची. डेन्मार्कनं ती 1944 मध्ये घेतली, जर्मन ताबा असताना.

दुपारी चारला, अगदी ठोक्याला, बेल वाजली. ऐंशी पार केलेल्या आजी. दारात बूट काढून त्यांनी पिशवीतून स्वतःच्या घरातल्या चपला काढल्या. भाची त्यांना सरळ एकेरीत, नावानं हाक मारत होती. इथे सगळेच तसं करतात, तरी माझी जीभ आत ओढली गेली.

बेत होता एब्लेस्किव्हरचा, म्हणजे आप्प्यांसारख्या गोड गोळ्यांचा. ते कशात केले असतील? आईनं पाठवलेल्या बिडाच्या आप्पेपात्रात! आजींकडेही अगदी तसंच भांडं आहे, फक्त दांडा लांब. मैदा, अंडी, ताक, वेलची (हो, वेलचीच), लिंबाची किसलेली साल. वाट्यांत लोणी सोडायचं, पीठ घालायचं आणि कडा धरू लागली की विणायच्या सुईनं पाव वळसा द्यायचा. आतलं ओलं पीठ खाली ओघळतं, पुन्हा पाव वळसा, असा गोळा पुरा होतो. मी आप्प्यांसारखे थेट उलटे केले, तर अर्धचंद्र झाले. आजींनी काही न बोलता सुई माझ्या हातून काढून घेतली. नावाचा अर्थ सफरचंदाचे काप, पण आता आत सफरचंद नसतं. वरून पिठीसाखर, बाजूला स्ट्रॉबेरीचा जाम.

मग कागदी हृदयं विणायला बसलो, एक लाल कागद, एक पांढरा. पट्टी एकदा समोरच्या पट्टीच्या पोटातून न्यायची, पुढच्या खेपेला तिलाच पोटात घ्यायची. जमलं तर उघडणारी छोटी पिशवी होते आणि झाडाला टांगता येते. हान्स ख्रिश्चन अँडरसननं 1860 मध्ये केलेलं असं एक हृदय ओडेन्सच्या संग्रहालयात जपलेलं आहे. माझी दोन फाटली, तिसरं उघडेना.

विणता विणता आजी बोलायला लागल्या. बहीण अधूनमधून मराठीत सांगत होती. ताब्याच्या पाच वर्षांत खिडक्यांना काळे पडदे होते. 4 मे 1945 च्या संध्याकाळी लंडनच्या रेडिओवर जर्मन शरण आल्याची बातमी आली आणि लोकांनी ते पडदे ओरबाडून काढले. खिडक्याखिडक्यांत मेणबत्त्या लागल्या. आजींना त्यातलं एवढंच आठवतं, की आईनं त्यांना खुर्चीवर उभं केलं आणि समोरची सगळी इमारत दिसली. अजून दर चार मेला त्या खिडकीत मेणबत्ती लावतात. मी आमच्या दिवाळीच्या पणत्यांचं सांगितलं. बहिणीनं त्याचं भाषांतर केलं आणि आजींनी तेल कुठलं, वात कशाची, वाऱ्यानं विझत नाही का, असं सगळं खोदून विचारलं.

किती वाजले ते कोणी पाहिलंच नाही. भाचीची किंकाळी आली तेव्हा कळलं. खिडकीतली मेणबत्ती तेरा, चौदा, पंधरा गिळून सोळाचा खालचा गोल चाटत होती.

"तीन दिवस लावता येणार नाही आता," ती रडवेली होऊन म्हणाली. "नवी आणू," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. चौदा, पंधरा, सोळा, खिडकीत बुटकी मेणबत्ती तशीच, न लावलेली. सोळाला मी निघाले.

सतराला पुण्यात रात्री साडेनऊला व्हिडिओ कॉल आला, तिकडे पाच. भाचीनं फोन ज्योतीच्या इतका जवळ नेला की पडदा पांढराफटक झाला. "मावशी, दिसतंय? सतरा!" फोन मागे घेतला तेव्हा दिसलं, मेणबत्तीशेजारी तिनं अंडी उकडायचा टायमर लावून ठेवला होता.