दुसऱ्या धाग्याचं काय?

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिही असं वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांनी सांगितलं. गॅदरिंग, सहली, सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेला शाळा बुडवून जाणं यावर बाकीचे लिहितीलच आणि चांगलं लिहितील. मला मात्र बारावीतल्या बायलॉजीच्या एकाच धड्यावर लिहायचंय, पेशी आपल्या डीएनएची कॉपी कशी काढते त्या धड्यावर, कारण आज माझं पोट त्याच्यावर चालतं. सात रस्त्याकडच्या एका लॅबमध्ये मी पीसीआरच्या टेस्ट लावतो (मशीनमध्ये डीएनएच्या भरपूर कॉपी काढून आजार ओळखायच्या) आणि रोज सकाळी मशीन चालू करताना त्या धड्यातलं काही ना काही कामाला येतंच.

तो धडा शिकवणाऱ्या बाई कोण हे नव्वदच्या दशकात सायन्सला असलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. नाव लिहू नकोस अशी त्यांची ताकीद आहे, त्यामुळं फक्त बाई. आमच्या वर्गात शहराच्या पूर्व भागातली पोरं बरीच होती, घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि अकरावीला एकदम सगळं इंग्रजी अंगावर आलेलं. रेप्लिकेशन, हेलिकेज, लायगेज अशी नावं बघूनच अर्धी पोरं पान उलटायची. बाईंनी नावं तशीच ठेवली, बाकी सगळं मराठीत आणि सगळं हाताशी असलेल्या वस्तूंवर शिकवलं. पुस्तकात तो भाग मोजून दोन-तीन पानांचा होता, बाईंनी त्याला जवळजवळ सगळा ऑक्टोबर दिला. वरच्या मजल्यावरची लॅब, पत्र्याचं छप्पर, पंखा असून नसल्यासारखा, आणि तरी त्या पिरियडला कुणी बाहेर जायचं नाव काढायचं नाही.

सुरुवात बाईंनी आकड्यांनी केली. माणसाच्या एका पेशीत सुमारे 2 मीटर डीएनए, तो ज्या केंद्रकात बसतो ते एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान. त्यात सहाशे कोटींच्या वर अक्षरांच्या जोड्या, जोडीतलं एक अक्षर एका धाग्यावर, दुसरं समोरच्या धाग्यावर. अक्षरं चारच, ए, टी, जी, सी, आणि ए समोर टी, जी समोर सी हा नियम. एका पेशीच्या दोन पेशी होण्याआधी हे सगळं एकदा कॉपी व्हायला लागतं आणि त्याला साधारण आठ तास लागतात. मग म्हणाल्या, आता हिशेब करा. हा डीएनए वेगवेगळ्या लांब तुकड्यांत असतो, ते क्रोमोसोम; आपला सगळ्यात मोठा क्रोमोसोम नंबर एकचा, त्यात सुमारे 25 कोटी जोड्या. कॉपी करणारं एन्झाइम (पेशीतलं एकेक काम उरकणारं प्रोटीन) आपल्यात सेकंदाला साधारण 50 अक्षरं लावतं. एका टोकाकडून सुरू केलं तर किती दिवस? सगळ्यांनी वहीत भागाकार केला, 50 लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ दोन महिने. बाई शांत उभ्या. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, मग एका जागेवरून सुरू करतच नसेल, लई ठिकाणांवरून एकदम करत असेल." बरोबर. हजारो ठिकाणी एकाच वेळी धागे उघडतात आणि तिथून दोन्ही बाजूंना काम चालतं. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत दिली होती, आमच्या वर्गात ती एका पोरीनं शोधून काढली. आजही मी नवीन टेक्निशियनला शिकवताना आधी आकडे देतो आणि गप्प राहतो.

पुढच्या पिरियडला बाईंनी लूमवाल्या घरातल्या दोघांना घरून दोन पदरी सूत आणायला लावलं. चांगला हातभर लांब तुकडा, त्याचं एक टोक खिडकीच्या गजाला घट्ट बांधलं, दुसऱ्या टोकाचे दोन पदर दोघांच्या हातात दिले आणि म्हणाल्या, ओढा वेगवेगळे. पोरांनी ओढले. थोडंसं सुटलं आणि पुढं जिथं अजून सुटायचं होतं तिथला पीळ घट्ट घट्ट होत गेला, शेवटी सूत स्वतःभोवतीच वळून त्याच्या गुठळ्या झाल्या आणि पदर अडकले. ज्यांच्या घरात सूत होतं त्यांना हे रोजचं, पण डीएनएच्या बाबतीत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. डीएनएचे दोन धागे एकमेकांभोवती गुंडाळलेले, साधारण दहा जोड्यांमागे एक वेढा. बॅक्टेरियात कॉपीचं काम सेकंदाला हजारेक अक्षरं इतक्या वेगानं पळतं, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपास वेढे सोडवायचे. पुढचा पीळ कोण काढणार? बाईंनी कात्री घेतली, गुठळीच्या अलीकडं एकच पदर कापला, त्याला दुसऱ्या पदराभोवती फिरू दिलं, पीळ भराभर उतरला, मग कापलेली टोकं गाठ मारून परत जोडली. टोपोआयसोमरेज नावाचं एन्झाइम हेच करतं, धागा कापतं, पीळ जाऊ देतं आणि गाठ न मारता जसाच्या तसा परत जोडतं. आपण जुलाबासाठी, लघवीच्या इन्फेक्शनसाठी जी सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी घेतो ती बॅक्टेरियाच्या याच जातीच्या एन्झाइमला अडवते, त्यामुळं त्यांचा डीएनए तुटून ते मरतात. हे बाईंनी त्याच दिवशी सांगितलं आणि आमच्यातला जो आज मेडिकल दुकान चालवतो तो म्हणतो की मला फार्मसीला जायचं त्या सुताच्या तुकड्यानं सुचलं.

कॉपी निघाल्यावर जुना धागा कुठं जातो हे शिकवताना बाईंनी उत्तर आधी सांगितलंच नाही. 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी रचना मांडली (रोझलिंड फ्रँकलिन यांच्या एक्स-रे फोटोशिवाय ते झालं नसतं हे बाई दर वेळी न चुकता सांगायच्या, आणि 1962 चं नोबेल मिळालं तेव्हा त्या हयात नव्हत्या हेही). पण रचना सुचली म्हणून कॉपी तशीच निघते हे सिद्ध होत नाही ना. फळ्यावर तीन शक्यता. एक, जुनी जोडी जशीच्या तशी राहते आणि नवीन जोडी पूर्ण नवी. दोन, प्रत्येक जोडीत एक धागा जुना, एक नवा. तीन, जुन्या-नव्याचे तुकडे सगळीकडं मिसळलेले. मग मेसेल्सन आणि स्टाल यांचा 1958 चा प्रयोग. बॅक्टेरियाला कित्येक पिढ्या जड नायट्रोजनवर वाढवलं, सगळा डीएनए जड झाला, मग एकदम साध्या नायट्रोजनवर टाकलं आणि दर पिढीला डीएनए काढून सिझियम क्लोराइडच्या द्रावणात प्रचंड वेगानं फिरवला, जड असेल तो खाली, हलका वर. बाई म्हणाल्या, तुम्ही टेस्ट ट्यूब काढा आणि तिन्ही शक्यतांसाठी डीएनएचा पट्टा कुठं दिसेल ते आधी रंगवा, मग मी सांगते. पहिल्या पिढीला एकच पट्टा, मधोमध. पहिली शक्यता बाद. दुसऱ्या पिढीला दोन पट्टे, एक मधे, एक वर हलका. तिसरी शक्यता बाद, कारण तुकडे मिसळले असते तर एकच पट्टा हळूहळू वर सरकला असता. उरली दुसरी. शास्त्रज्ञ कसा विचार करतो हे मला तरी त्या वहीच्या पानावर पहिल्यांदा कळलं, पुढं कॉलेजात मोठमोठी लेक्चरं ऐकली पण त्या पानाइतकं स्वच्छ काही नव्हतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय.

डीएनएचे दोन धागे उलट-सुलट दिशेला असतात, एकाचं पाच प्राइम टोक तिथं दुसऱ्याचं तीन प्राइम (धाग्याच्या दोन टोकांची ही नावं). आणि डीएनए पॉलिमरेज, म्हणजे अक्षरं लावणारं एन्झाइम, फक्त तीन प्राइम टोकालाच पुढचं अक्षर जोडू शकतं. एका धाग्यावर ठीक आहे, जसजसं उघडेल तसतसं मागून सलग काम होत जातं. बाईंनी लाल खडूनं एक सलग बाण काढला आणि वळून विचारलं, "आणि दुसऱ्या धाग्याचं काय?" त्याची दिशा तर उलटी. तिथं मग थोडं उघडू द्यायचं, उलट्या दिशेनं एक छोटा तुकडा करायचा, परत थोडं उघडलं की परत मागं येऊन पुढचा तुकडा. प्रत्येक तुकड्याला सुरुवात करून द्यायला आरएनएचा (डीएनएचाच भाऊबंद) एक छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, लागतो, कारण पॉलिमरेजला कोऱ्या जागेवर सुरुवातच करता येत नाही, आधी काहीतरी लावलेलं असावं लागतं. नंतर ते प्रायमर काढायचे, मोकळी जागा भरायची आणि लायगेजनं सांधे जोडायचे. बॅक्टेरियात तुकडे हजार-दोन हजार अक्षरांचे, आपल्यात शंभर-दोनशेचे, म्हणजे आपली एक पेशी दुभागण्याआधी असे कोट्यवधी तुकडे बनतात आणि जोडले जातात.

हे शोधलं जपानमधल्या नागोया विद्यापीठात रेजी ओकाझाकी आणि त्यांच्या पत्नी त्सुनेको ओकाझाकी यांनी, 1960 च्या दशकात. बॅक्टेरियाला काही सेकंदच किरणोत्सारी अक्षर खायला द्यायचं आणि लगेच थांबवायचं, मग ते अक्षर कुठं सापडतं ते बघायचं. सापडलं ते छोट्या तुकड्यांत, आणि जरा जास्त वेळ दिला की तेच लांब धाग्यात गेलेलं. रेजी मूळचे हिरोशिमाचे, बॉम्ब पडला तेव्हा शाळकरी वयाचे, त्या किरणांचा त्रास त्यांना झालेला, आणि 1975 साली ल्युकेमियानं 44 व्या वर्षी गेले. बाईंनी हे सांगितलं तेव्हा वर्गात कुणी हललं नाही. पुढं त्सुनेको यांनी काम चालू ठेवलं, तुकड्यांच्या सुरुवातीला आरएनए असतं हे पक्कं करण्यात त्यांचा मोठा वाटा. बाई फळ्यावर दोघांची नावं लिहायच्या, पुस्तकात एकच आडनाव असायचं.

मग वर्गातल्या एकानं विचारलं, बाई, एवढा उपद्व्याप कशाला, दुसऱ्या दिशेनं जोडणारं एक वेगळं एन्झाइम का नाही झालं? बाई दोन मिनिटं विचार करून म्हणाल्या, मला आत्ता येत नाही, बघून सांगते. आणि खरंच, शनिवारी शाळा सुटल्यावर त्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन जाडजूड पुस्तकं बघून आल्या आणि सोमवारी पहिल्या पिरियडला येऊन सांगितलं. नवीन अक्षर येताना तीन फॉस्फेट घेऊन येतं, त्यातले दोन तुटतात आणि त्या ताकदीवर सांधा बसतो. म्हणजे जोडायची ताकद येणाऱ्या अक्षराकडं असते. समजा चुकीचं अक्षर लागलं, पॉलिमरेज एक पाऊल मागं येऊन ते काढून टाकतं आणि पुढचं योग्य अक्षर स्वतःची ताकद घेऊन येतंच, काम पुढं चालू. आता धागा उलट्या दिशेनं वाढला असता तर ती ताकद धाग्याच्या टोकावर राहिली असती. चुकीचं अक्षर काढलं की ताकदही गेली, टोक मुकं, पुढचं अक्षर जोडायला काही उरलं नाही, सगळं तिथंच ठप्प. म्हणून पेशी दुसरा धागा तुकड्या-तुकड्यात करायचा त्रास सोसते, त्याच्या बदल्यात तिला चूक सुधारायची सोय मिळते. नुसतं पॉलिमरेज लाखात एक चूक करतं, लगेच तपासून काढतं म्हणून ती कोटीत एकाच्या आसपास येते, आणि मागून दुरुस्ती करणारी दुसरी यंत्रणा फिरते तेव्हा शंभर कोटीत एखादी उरते. सहाशे कोटी अक्षरांत हातावर मोजण्याइतक्या. त्यातली एखादी वाईट जागी पडली तर कॅन्सरच्या वाटेवरचं पहिलं पाऊल होऊ शकतं, आणि कॅन्सरवरची बरीचशी औषधं ही कॉपीच अडवतात, म्हणून भराभर वाढणाऱ्या केसांच्या मुळांनाही त्यांचा फटका बसतो.

शिक्षक वर्गासमोर "मला येत नाही" म्हणतो आणि मग स्वतःचा शनिवार घालवून उत्तर आणतो, हे त्या वयात बघायला मिळालं हे माझं मोठं भाग्य. बारावीच्या पेपरात हा प्रश्न येणार नाही हे बाईंना माहीत होतं.

रिटायर झाल्यावर बाई मध्यंतरी आमच्या लॅबमध्ये आल्या होत्या. मी मशीन दाखवलं, 95 डिग्रीला धागे सुटतात, 60 च्या आसपास प्रायमर बसतात, मग कॉपी, असं तीस वेळा झालं की एकाचे शंभर कोटींच्या वर होतात, वगैरे. बाईंनी चष्मा वर केला आणि तोच प्रश्न, "यात दुसऱ्या धाग्याचं काय?" मला इतका आनंद झाला. मी सांगितलं, बाई, इथं उष्णतेनं दोन्ही धागे पूर्ण वेगळे होतात आणि दोघांना आपापल्या टोकाला आपापला प्रायमर आम्हीच देतो, त्यामुळं दोन्हींवर काम सलग चालतं, ओकाझाकी तुकडे नाहीत, लायगेज नको, आणि तुकडा छोटा असल्यानं पिळाचाही प्रश्न नाही. बाई म्हणाल्या, बरं, आणि चुका कोण काढतं? म्हटलं, गरम झऱ्यातल्या बॅक्टेरियापासून मिळालेलं जे टॅक एन्झाइम आम्ही वापरतो त्याला मागं येऊन चूक काढता येत नाही. आजार आहे की नाही एवढंच बघायचं असतं तेव्हा त्यानं भागतं, अक्षर न् अक्षर वाचायचं असेल तेव्हा चुका काढू शकणारं दुसरं पॉलिमरेज घ्यावं लागतं. त्यावर बाईंनी ते दुसरं किती महाग पडतं, कुठून मागवता, थंड ठेवायला लाइट गेल्यावर काय करता हे सगळं विचारलं आणि पर्समधून डायरी काढून लिहून घेतलं, शेजारच्या बारावीतल्या मुलीला सांगायचंय म्हणाल्या.