कमी उंचीच्या मापाची सायकल

माझी उंची १५० सेंटीमीटर आहे. पुण्यात गिअरची सायकल घ्यायला निघाले तेव्हा बहुतेक दुकानांत एकच उत्तर मिळाले : "ताई, हीच घ्या, सीट खाली करून देतो." सीट खाली केली की पाय जमिनीला टेकतात हे खरे, परंतु हँडल होते तेवढेच लांब राहते, आणि ते गाठण्यासाठी सतत पुढे ताणून बसावे लागल्यामुळे मान, खांदे व तळहात दुखू लागतात. उतरत्या दांडीच्या 'लेडीज' सायकलीवर चढणे सोपे जाते, पण हँडलचे अंतर तिथेही तपासावेच लागते.

म्हणून मी आधी घरी माप घेतले. अनवाणी पायांनी भिंतीला पाठ लावून उभे राहायचे, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये घट्ट वर दाबून धरायचे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजायचे. माझे माप ६८ सेंटीमीटर भरले. त्याला ०.८८३ ने गुणले की क्रँक (पायडल ज्याला जोडलेले असते तो दांडा) ज्या आसाभोवती फिरतो त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची साधारण ६० सेंटीमीटर येते. सुरुवात करायला हा आकडा पुरेसा आहे. सायकल मी २६ इंची चाकांची, सर्वांत लहान फ्रेमची निवडली, कारण लहान फ्रेमला ७०० सी मापाची मोठी चाके असली, तर हळू वळताना चवडा पुढच्या चाकाला घासण्याची शक्यता वाढते.

खरा फरक पडला तो क्रँक बदलल्यावर, आणि याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते याचे मला वाईट वाटते. सायकलीला १७० मिलिमीटरचे क्रँक होते. मी १६० चे बसवून घेतले. पायडल खाली असताना पाय पूर्वीइतकाच सरळ व्हावा म्हणून सीट १० मिलिमीटर वर घेता येते, आणि वरच्या टोकाला पायडल १० मिलिमीटर खाली राहते. म्हणजे गुडघा छातीकडे येतो तिथे एकूण २० मिलिमीटर जागा मोकळी होते. चढावर हे लगेच जाणवते.

हँडल जवळ आणण्यासाठी सीट पुढे सरकवू नये, त्याने गुडघ्याची जागा बिघडते; मी आखूड स्टेम, म्हणजे हँडल सायकलीला जोडणारा तुकडा, बसवून घेतला. माझी बोटे लहान असल्यामुळे ब्रेकच्या लिव्हरच्या मुळाशी असलेला बारीक स्क्रू आत फिरवून लिव्हर मुठीजवळ आणला आणि मग केबलचा ताण पुन्हा जुळवला.

त्यानंतर सीटची उंची मात्र चालवत चालवतच ठरली. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखले तर सीट किंचित वर, मागच्या शिरा ताणल्या तर किंचित खाली, असे दर वेळी तीन-चार मिलिमीटरच बदलत गेले, आणि शेवटी जुळलेल्या जागी सीटच्या नळीवर टेपची खूण करून ठेवली.