नोंद ७ : डेव्हिड रफिन आणि दीड इंची भोक

आली एकदाची डेव्हिड रफिनची तबकडी. विकणाऱ्याने 'उत्तम' म्हणून विकलेली, पण पुठ्ठा इतका पातळ की पाकिटाचा कोपरा दुमडून आला. तबकडी वाचली, हे नशीब.

नव्या मंडळींसाठी: ग्रुप सोडलेल्या, किंवा ग्रुपने सोडलेल्या, सोल (अमेरिकन कृष्णवर्णीयांचं संगीत) गायकांची पहिली एकट्याची सिंगल (एका गाण्यासाठीची छोटी तबकडी) तेवढी जमवायची, असा माझा हट्ट. डायना रॉसची १९७० ची आहे, कर्टिस मेफील्डचीही आहे. रफिन राहिला होता. त्याच्या टेम्प्टेशन्स या ग्रुपने त्याला जून १९६८ मध्ये काढलं आणि डेनिस एडवर्ड्सला घेतलं. तरी हा पठ्ठ्या त्यांच्या कार्यक्रमांत मध्येच स्टेजवर चढायचा, माइक हिसकावून आपलं गाणं गायचा. त्याचं पहिलं एकट्याचं गाणं 'माय होल वर्ल्ड एंडेड' आलं जानेवारी १९६९ मध्ये. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ९ व्या क्रमांकापर्यंत, आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) यादीत २ ऱ्या.

लेबल मात्र बघत बसावं असं. टेम्प्टेशन्सच्या तबकड्या गॉर्डी कंपनीच्या जांभळ्या लेबलवर. ही मोटाउन कंपनीच्या निळ्या, वर नकाशा आणि डेट्रॉइटपाशी तांबडा तारा. दोन्ही लेबलं एकाच मालकाची. घर तेच, चूल वेगळी.

आता साफसफाईचं काम. नखाने टिचकी मारली तर आवाज टणक, कोरडा. लेबलही वरून चिकटवलेलं. म्हणजे नेहमीचं व्हिनाइल नव्हे, स्टायरीन हे ठिसूळ प्लास्टिक. स्पिरिट अजिबात लावायचं नाही. (लाखेच्या नाट्यसंगीताच्या तबकडीवर हा उद्योग मी एकदा करून बसलोय. पुन्हा विचारू नका.) डिस्टिल्ड पाणी, थेंबभर साबण, मऊ फडकं. सुई साधी गोल टोकाची लावली. स्टायरीनची खाच चटकन झिजते, तिथे लंबगोल सुईची हौस नको.

खरं डोकं खाल्लं ते भोकाने. माझ्याकडच्या एचएमव्हीच्या छोट्या तबकड्यांना बारीक भोक, या अमेरिकन पोरीला दीड इंची. मध्ये प्लास्टिकची चकती बसवली तर ती सैल. वायरमनची काळी टेप एक वेढा गुंडाळून घट्ट केली. आवाज आणखी बिघडला! सुरुवातीचे लांब सूर तंबोऱ्याची तार सैल पडावी तसे खाली-वर. टोनआर्म (सुईचा दांडा) दर फेऱ्याला डावी-उजवी डोलत होती, तेव्हा ट्यूब पेटली: भोकच मुळात मध्यावर नाही. चकती घट्ट बसवून मी ती चूक पक्की करत होतो. टेप काढली. मग तबकडी बोटाने केसभर सरकवायची, सुई ठेवायची, आर्म बघायची. अकराव्या खेपेला आर्म स्थिर. सैल चकतीनेच तारलं.

मग ऐकलं. सिंगलचं मिश्रण मोनो (डावा-उजवा वेगळा नाही), सगळा जमाव एका दारात उभा, आणि त्यातून रफिनचा तो खरखरीत, वरच्या पट्टीत फाटायच्या बेताला येऊनही न फाटणारा आवाज. अल्बमच्या स्टिरिओत हीच गर्दी पांगते, धक्का कमी होतो. ग्रुपने हाकललं म्हणून तो रडतोय, असं बरेच जण म्हणतात. मला पटत नाही. गाणं लिहिलंय हार्वी फुक्वा, जॉनी ब्रिस्टल, पॅम सॉयर आणि जिमी रोच या चौघांनी, प्रेमभंगावर. गंमत वेगळीच: 'एकट्याच्या' सिंगलमध्येही मागे कोरस आहेच. फरक इतकाच, की आता त्यातला कुणी पुढे येऊन ओळ घेणार नाही, हे त्याला माहीत आहे. शेवटाकडे तो श्वासालाही जागा ठेवत नाही.

डिजिटल प्रत तिसऱ्या प्रयत्नात मनासारखी झाली. दुसऱ्या कडव्यात एक टिचकी ('टक्' असा आवाज) उरलीय, ती हाताने काढेन. सॉफ्टवेअरवर सोडली तर आवाजातली खरखरही पुसून टाकेल.

बी बाजूला 'आय'व्ह गॉट टू फाइंड मायसेल्फ अ ब्रँड न्यू बेबी' आहे. म्हटलं, मध्य साधलाच आहे तर लगेच घेऊन टाकू. उलटी केली, सुई ठेवली. आर्म पुन्हा डोलतेय.