आमची वाटचाल: ठिबकच्या पाण्यापासून हार्मोनच्या तपासणीपर्यंत

जळगावच्या एमआयडीसीत आमची पाणी तपासणीची प्रयोगशाळा सुरू झाली ती केळीमुळे. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात बोअर-विहिरींवर ठिबक चालतं आणि पाणी जड असलं की ड्रीपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. केळीची पावसाळी लागवड म्हणजे मृगबाग असो की पावसाळ्यानंतरची कांदेबाग, हा थर काढायला शेतकऱ्यांचा प्रश्न ठरलेला: हजार लिटरला ॲसिड किती? क्षारता, म्हणजे पाणी किती ॲसिड पचवू शकतं ते, मोजल्याशिवाय याचं उत्तर देऊच नये. क्षारता लिटरला 350 मिलिग्रॅम असेल, तर त्यातली निम्मी मारायला 98 टक्क्यांचं सल्फ्युरिक ॲसिड हजार लिटरला सुमारे 100 मिली लागतं आणि पीएच साडेसहाच्या आसपास येतो. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. ही ओळ आमच्या प्रत्येक अहवालावर असते.

हार्डनेसची, म्हणजे पाण्याच्या जडपणाची, तपासणी सोपी आहे: 50 मिली नमुना, पीएच स्थिर ठेवणारा पीएच 10 चा अमोनिया बफर, चिमूटभर ईबीटी (रंग बदलून शेवट दाखवणारा सूचक) आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं 0.01 मोलर ईडीटीए थेंबाथेंबाने. रंग वाइनसारखा लाल असतो, तो निव्वळ निळा झाला की थांबायचं. बफर घातल्यापासून पाच मिनिटांत काम उरकायला हवं, नाहीतर पाण्यातलं कॅल्शियम खडूसारखं खाली बसतं आणि निळा रंग पुन्हा जांभळट होत राहतो. बाटली वारंवार उघडून बफरमधला अमोनिया उडाला असेल, तरी शेवटचा रंग नीट उठत नाही.

पण आकडा बिघडतो तो बहुतेक वेळा आमच्या टेबलावर येण्याआधीच. मे महिन्यात अर्धी भरलेली कोल्ड्रिंकची बाटली मोटारसायकलच्या डिकीतून आली, की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो, कॅल्शियम कार्बोनेट बाटलीच्या आतून चिकटतं. मग हार्डनेस कमी येतो आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. पंप पंधरा-वीस मिनिटं चालवून, बाटली त्याच पाण्याने विसळून, काठोकाठ भरून आणावी.

पुढे पिण्याच्या पाण्याचं काम आलं. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नायट्रेटला लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर सवलत नाही, आणि खतं भरपूर पडणाऱ्या भागात आम्ही ही तपासणी वगळू देत नाही.

पाण्यातल्या हार्मोनचं काम मात्र वेगळ्याच जातीचं आहे. इथे मिलिग्रॅम नाही, नॅनोग्राम (मिलिग्रॅमचा दहा लाखावा भाग) मोजायचे. कॅनडातल्या ऑन्टारियोमधल्या एका तलावात गर्भनिरोधक गोळ्यांमधलं इथिनाइल एस्ट्रॅडिऑल लिटरला 5-6 नॅनोग्राम राहील एवढं सोडलं, तर नर माशांमध्ये मादीचे गुण आले आणि एका लहान माशाची संख्या कोसळली. हा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या आयएस 10500 मध्ये एस्ट्रॅडिऑलला, म्हणजे शरीरात तयार होणाऱ्या स्त्री-हार्मोनला, मर्यादाच नाही. युरोपने पिण्याच्या पाण्यात लिटरला 1 नॅनोग्राम हे मार्गदर्शक मूल्य धरलं आहे.

आमची पद्धत अशी. एक लिटर नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत. प्लास्टिकला हार्मोन चिकटतो आणि प्लास्टिकमधून बिस्फेनॉल उतरतं. क्लोरिनचं पाणी असेल तर ॲस्कॉर्बिक ॲसिड घालतो, कारण क्लोरिन एस्ट्रॅडिऑल खाऊन टाकतो. जिवाणूंच्या नमुन्यात चालणारं थायोसल्फेट इथे नको: पुढे पीएच 3 वर आणताना त्यातून गंधक सुटतं आणि हार्मोन धरून ठेवणारी भुकटीची नळी, म्हणजे कार्ट्रिज, तुंबते. मग जड समस्थानिकाचं अंतर्गत मानक (वाटेत किती हार्मोन हरवला हे कळावं म्हणून मोजून घातलेला, थोडा जड असा तोच हार्मोन) टाकून, काचतंतूंच्या फिल्टरमधून गाळून, मिथेनॉल आणि पाण्याने तयार केलेल्या कार्ट्रिजमधून मिनिटाला 5 ते 10 मिली या वेगाने सोडतो. वेग वाढवला की हार्मोन न थांबता निघून जातो. मिथेनॉलने उतरवून, नायट्रोजनखाली सुकवून 1 मिलीत घेतलं की हजारपट घनता मिळते.

रेणू वस्तुमानावरून ओळखून मोजणारं मोठं यंत्र, मास स्पेक्ट्रोमीटर, आम्ही घेतलेलं नाही. कार्ट्रिज इथे भरतो, सुकवून गोठवतो आणि ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांच्याकडे पाठवतो. बर्फात लिटरभर पाणी पाठवण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं, आणि प्रत्येक खेपेला शुद्ध पाण्याची एक कोरी कार्ट्रिज सोबत जाते. कोऱ्यात काही दिसलं तर त्या खेपेचे अहवाल आम्ही देत नाही.

गोठ्याजवळच्या नाल्याचं पाणी असेल तर एक गोष्ट आम्ही आवर्जून विचारतो: यंत्राआधीच्या, रेणू वेगवेगळ्या वेळी बाहेर सोडणाऱ्या स्तंभावर एस्ट्रॅडिऑलची 17-अल्फा आणि 17-बीटा ही दोन रूपं वेगळी निघाली का? गाई मुख्यतः अल्फा एस्ट्रॅडिऑल टाकतात. दोघांचं वस्तुमान एकच, तुकडेही तेच, त्यामुळे वेळेत फरक पडला नाही तर कमी प्रभावी अल्फा हा बीटा म्हणून मोजला जातो आणि गावभर विनाकारण घबराट होते.

सांडपाण्यात आणखी एक भीती असते. शरीरातून हार्मोन साखरेला जोडलेला बाहेर पडतो, ई. कोलाय ती जोडणी तोडतात आणि मोकळा हार्मोन वाढत जातो. म्हणून नमुना 4 अंशावर ठेवून 48 तासांत कार्ट्रिजवर चढलाच पाहिजे. हार्मोनच्या बाटल्या आमच्याकडूनच न्या आणि नमुना सोमवार ते गुरुवारच आणा. शनिवारी आलेलं पाणी आम्ही घेत नाही.