उठावना चार ते पाच

31 मे, पहाटे 2:50

इंदूरच्या आमच्या हिंदी पेपरचं सिटीचं पान दीडला सुटलं. माळव्याच्या रात्रींचं लोक एवढं कौतुक करतात, आम्हाला ती रात्र पार्किंगपासून घरापर्यंतच भेटते. झोप येत नाहीये, म्हणून वही काढली.

काल हिंदी पत्रकारिता दिवस. 30 मे 1826 ला कलकत्त्यात ‘उदन्त मार्तण्ड’ हे पहिलं हिंदी वर्तमानपत्र निघालं, त्याची आठवण. 6 जानेवारीला पुण्याची मामेबहीण पहिल्या मराठी पेपरची, ‘दर्पण’ची आठवण काढून शुभेच्छा पाठवते. म्हणजे मला वर्षाला दोन पत्रकार दिन, आणि सुट्टी एकाही दिवशी नाही. दुपारी शाल-श्रीफळ झालं. भाषणांत नेहमीप्रमाणे ‘नईदुनिया’त घडलेले संपादक: राहुल बारपुते, राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी. 1947 साली इंदुरात निघालेली ‘नईदुनिया’ ही पत्रकारितेची शाळाच होती वगैरे. होतीच. पण शाळा म्हणजे कुणीतरी शेजारी बसून तुमची कॉपी खोडायला हवी, हे व्यासपीठावरून कुणी म्हणत नाही. मी लागले तेव्हा आमच्या सिटी डेस्कवर अकरा माणसं होती. आज चार, त्यांतला एक इंटर्न.

त्या इंटर्नवरूनच आज थोडं झालं.

साडेदहाला निधनाच्या चौकटीसाठी एक बातमी आली. निवृत्त शिक्षिका, वय 84, रामबागेतल्या. पोराने व्हॉट्सअॅपवरून उचलून चार ओळी केल्या होत्या. ओळी चांगल्या होत्या, पण शवयात्रा ‘रविवार सुबह’ एवढंच. वेळ कुठाय म्हटलं, तर म्हणाला, “मॅम, एका मेसेजमध्ये नऊ आहे, एकात दहा. म्हणून वेळ टाकलीच नाही.” पोरगा हुशार आहे, चूक होणार नाही अशी सोय त्याने बरोबर केली होती. पण मुक्तिधामवर नवाला जायचं की दहाला, हे वाचणाऱ्याने कुणाला विचारायचं?

फोन कर म्हटलं. तो गप्प. मग हळूच म्हणाला, “मॅम, ऐसे घर में, इस वक्त?”

विद्यापीठात त्याने जनसंवादाचे सिद्धांत शिकलेत, कॅमेरा शिकलाय, रील माझ्यापेक्षा दहापट बरी कापतो. पण मयताच्या घरी रात्री साडेदहाला फोन कसा करायचा, याचा पेपर कुठल्याच अभ्यासक्रमात नसतो. मलाही कुणी शिकवलं नव्हतं.

1999 मध्ये एका उठावन्याची वेळ मी चारऐवजी पाच छापली. बाहेरच्यांना उठावना म्हणजे काय ते सांगावं लागतं, इंदुरात नाही. तिसऱ्या दिवशी तासाभराची बैठक; यायचं, हात जोडायचे, निघायचं. कागदावर ‘4 से 5’ होतं. मला घाई होती, आणि डोक्यात आदल्या बातमीचा पाच बसलेला. दुसऱ्या दिवशी मयत माणसाचे एक जुने सहकारी देवासहून बसने आले. जाजम गुंडाळून झालं होतं आणि घरची माणसं चहा पीत होती. ते तिथून थेट आमच्या ऑफिसात आले. ओरडले नाहीत. चौकटीवर बोट ठेवून एवढंच विचारलं, “हे कुणी लिहिलं?” मी हात वर केला. त्यांनी पेपर घडी करून पिशवीत टाकला आणि गेले. पुढच्या अंकात ‘भूल सुधार’ आलं. झालेल्या उठावन्याची बरोबर वेळ. कुणासाठी छापली ती, देव जाणे.

तेव्हापासून मी चौकटीतल्या प्रत्येक वेळेसाठी फोन करते. याला सहकारी माझी सनक म्हणतात. म्हणोत. मुख्यमंत्र्यांच्या भाषणातला एक आकडा चुकला तर प्रवक्ता ओरडेल आणि विसरेल.

(1955 च्या श्रमजीवी पत्रकार कायद्यात चार आठवड्यांत 144 तासांच्या वर काम नको, असं लिहिलं होतं. पत्रकारांच्या पगाराबद्दलच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सरकारने 2011 मध्ये स्वीकारल्या, 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या वैध ठरवल्या. आमच्याकडे मजिठियाचं नाव काढलं की लोक चहाला उठतात. फोन करायला वेळ नाही असं पोरं म्हणतात तेव्हा मला रागवताही येत नाही.)

शेवटी त्याने फोन केला. स्पीकरवर नाही, कोपऱ्यात जाऊन. मला फक्त त्याचं “जी... जी... माफ कीजिए” ऐकू आलं. परत आला तेव्हा कान लाल. पलीकडचे गृहस्थ तडकले होते: आई गेलीय आणि तुम्हाला टायमिंग पाहिजे? मग स्वतःच थांबून म्हणाले, साडेनऊ.

नऊही नाही, दहाही नाही.

त्याने आकडा टाकला, पान माझ्याकडे सरकवलं आणि पाणी प्यायला गेला. मला वाटलं होतं, काही बोलेल. बोलला नाही. उद्या येतो की नाही, बघू.

पान सोडताना आडनाव दिसलं. काळे बाईंचं ‘काले’. हिंदीत ळ नाही, होळकरांचंही होलकर होतं, तिथे आम्ही काय करणार. पण सहाला पेपर येईल, आई चष्मा लावून आधी निधनाचीच चौकट वाचेल. या बाईंनी तिच्या शाळेत शिकवलं असणार, तिला सगळी रामबाग माहीत आहे. आणि मी उठायच्या आत दारातून विचारेल, “काळ्यांचं परत काले केलंत ना गं?”