बाथचं फार्मर्स मार्केट आणि आपला शुक्रवारचा बाजार

इंग्लंडमधल्या स्विंडनला, जिथे मी राहतो, गोंयकार एवढे झालेत की बसस्टॉपवर सहज कोंकणी ऐकू येते, पण भाजी मात्र सगळी सुपरमार्केटची, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, शेंगा केनियाच्या आणि टोमॅटो स्पेनचे. म्हणून शनिवारी जमलं की मी ट्रेन पकडून बाथला जातो, अर्धा तास लागतो. तिथे ग्रीन पार्क नावाचं जुनं बंद पडलेलं रेल्वे स्टेशन आहे, त्याच्या छपराखाली फार्मर्स मार्केट भरतं. 1997 मध्ये सुरू झालं, ब्रिटनमधलं या प्रकारचं पहिलंच.

दिसायला छान वगैरे आहे ते सोडा, मला आवडला तो त्यांचा नियम. जो पिकवतो किंवा बनवतो त्यानेच नाहीतर त्याच्या घरच्या-कामावरच्या माणसाने विकायचं, आणि माल साधारण 30-40 मैलांच्या आतला पाहिजे. होलसेलमधून उचलून आणलेला माल चालत नाही. त्यामुळे चीजवाल्याला गाईंबद्दल विचारलं तर तो पंधरा मिनिटं सोडत नाही (मागे रांग लागली तरी!). एप्रिल-मेमध्ये तर भाजीचे स्टॉल अर्धे रिकामे असतात कारण हिवाळ्याची भाजी संपलेली आणि नवीन अजून आलेली नसते, मग नाही म्हणजे नाही.

पण खरं सांगायचं तर महाग आहे, एका पावाला चार-पाच पौंड, आणि गर्दी बरीचशी खात्यापित्या घरची. आपल्या गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असं नाही, तिथे साहेब पण येतो आणि रोजंदारीवरचा पण येतो, आणि मे महिन्यात पुरुमेंताची (पावसाळ्यासाठी साठवायची) मिरची, सोलां म्हणजे आमसुलं, सुकी मासळी घ्यायला अख्खा बार्देश तालुका लोटतो.

घोळ दुसरीकडे आहे. आपल्याकडे रोजची भाजी मुख्यतः बेळगावहून येते, ती विकणाऱ्याला दुकान, पंखा, वजनकाटा सगळं असतं, आणि घरची आळसांदे (चवळीसारखं कडधान्य), तांबडी भाजी, पावसात तायकिळा (टाकळा) घेऊन पहाटेच्या बसने आलेली बाई कडेला उन्हात पोतं पसरून बसते. सोपो, म्हणजे बाजारात बसायची फी, तिलाही भरावा लागतो. आणि घासाघीस पण आपण तिच्याशीच करतो, मॉलमध्ये स्टिकरवरचा भाव गुमान देतो.

जीआय टॅग, म्हणजे अमुक वस्तू अमुक भागातलीच अशी सरकारी ओळख, तर आपल्याला बरेच मिळालेत, फेणीला 2009 मध्ये मिळाला, मग खोल्याची मिरची, हरमलची मिरची, मयड्याची केळी, मानकुराद आंबा. चांगलंच आहे, पण बाजारात कोण पिकवणारा आणि कोण नुसता विकणारा हेच कळत नसेल तर कुठलाही आंबा मानकुराद म्हणून खपतो. त्यापेक्षा पालिकेने बाजारात छपराखालची एक रांग फक्त स्वतः पिकवणाऱ्यांसाठी ठेवली, त्यांचा सोपो माफ केला आणि कृषी खात्याकडून साधं ओळखपत्र दिलं तर खर्च असा कितीसा येणार? आणि आपण घेताना निदान एवढं तरी विचारावं, "मावशी, ही घरची काय?" घरची असेल तर ती बी कुठून आणलं इथपासून सुरू करते.

तसं बघितलं तर बाथवाल्यांचा नियम न लिहिता पाळणारा बाजार आपल्याकडे आहेच, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधीचा माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळं-पानांचा. कांगलां, माट्टां, घागऱ्यो, तोरिंजन, सुपारीचे घड, हे काय बेळगावच्या ट्रकमधून येत नाही, रानात आणि कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) फिरून कोणीतरी गोळा केलेलं असतं आणि बहुतेक वेळा तोच माणूस विकायला बसलेला असतो. यंदा मी चवथीला घरी येतोय आणि सामान डिचोलीहून आणायचं की फोंड्याहून यावर आत्तापासून फोनवर वाद चालू आहेत. आई म्हणते डिचोली, जवळ पडतं. काका म्हणतात फोंडा, तिथे कुळागरवाले जास्त. मी काकांच्या बाजूने आहे, पण गाडी आईच्या नावावर आहे.